चाकाखालचा पांढरा दगड

माझा मुलगा हिस्किया राजधानीतल्या कचेरीत साहेब आहे, पण गाडी पंक्चर झाली तर चाकाखाली काय लावावं एवढी अक्कल त्याला नाही. माझं दुखणं तिथूनच सुरू होतं. आसपास दगडांना तोटा नव्हता. आमचा मुलूख म्हणजे दगड आणि मोपानीची झुडपं, दुसरं आहे काय? तरी या पठ्ठ्याने उचलला तो राशीतलाच.

आमच्या गावाहून डांबरी सडकेकडे जाताना ही रास लागते. हाइत्सी-आइबिबची रास. तो आमच्या जुन्या कहाण्यांतला म्हातारा कितीदा मेला आणि कितीदा उठला याची गणती नाही. जिथे जिथे मेला तिथे अशी रास आहे. येणाऱ्याजाणाऱ्याने तिच्यावर एक दगड ठेवायचा, दगड नसला तर हिरवी डहाळी, वाट मोकळी ठेव म्हणायचं आणि पुढे जायचं. माझ्या आजीने ठेवले, मी ठेवले. उचलून कुणी नेत नाही. दारुड्यानेही कधी नेला नाही.

हे झालं तेव्हा मी झुडपाआड गेले होते. परत आले तर चाक बदलून झालेलं आणि साहेब भोंगा वाजवत बसलेले. सूर्य बुडायच्या आत अभयारण्यातल्या मुक्कामाला पोचायचं होतं, नंतर तिथलं फाटक कुणासाठी उघडत नाही. मी घाईघाईने एक डहाळी राशीवर ठेवली आणि गाडीत चढले.

दगड मला दिसला तो वाटेतल्या ओच्यो गावात. पंक्चर काढून झालं होतं, तेल भरायला थांबलो होतो. तळलेल्या गोळ्यांची पिशवी काढायला मी मागच्या हौद्यात हात घातला, तर स्टेपनीला टेकून तो पडलेला. पांढरा, बाळाच्या डोक्याएवढा, मधून एक तांबडी शीर. मी बघताक्षणी ओळखला. अडतीस वर्षांपूर्वी मीच तो कोरड्या नदीतून निवडून आणला होता. हिस्किया तेव्हा सहा आठवड्यांचा, तापाने फणफणलेला, माझ्या पाठीला बांधलेला. दवाखान्याला पायी निघाले होते. राशीवर तो दगड ठेवून मी म्हटलं होतं, हा याच्या नावाचा, याची वाट मोकळी ठेव.

हे सगळं मी त्याला तिथेच, पंपावरच्या माणसांसमोर सांगितलं. गाडी फिरव म्हटलं. तो हसला.

"आई, दगड तो दगड. तीन दिवसांनी येताना ठेवू की. चाकाला चांगला लागतो, राहू दे."

"तुझ्या नावाचा आहे तो, मेल्या."

"मग माझाच झाला ना? मी घेतला."

सून सायमा उत्तरेकडची, मला तिकडच्या रीतीने मेमे म्हणते. मेमे, चिडू नका, पोरीची सुट्टी आहे, असं ती हळूच म्हणाली. माझी नऊ वर्षांची नात तायमी, मला ओमा म्हणजे आजी म्हणणारी, प्राण्यांच्या नावांची यादी आणि पेन्सिल घेऊन कधीची तयार बसली होती. तिचं तोंड बघून मी हट्ट सोडला. सोडायला नको होता.

हे अभयारण्य मला कुणी शिकवू नये. बावीस वर्षं मी तिथल्या मुक्कामात परदेशी पाहुण्यांच्या चादरी धुतल्या. कुठल्या पाणवठ्यावर कुठलं जनावर कधी येतं, कशाने बुजतं, हे मला वही न उघडता येतं. या खेपेला मी पाहुणी म्हणून चालले होते. अंगात नवा झगा होता, आणि डोक्याला इस्त्रीचा रुमाल.

अभयारण्याच्या बाहेरच्या फाटकावरच्या बाईने हिस्कियाच्या बाजूच्या खिडकीतून आत डोकावून पाहिलं. त्याने कागद पुढे केला. तिने तो घेतला आणि बोलली मात्र सायमाशी. मोठी दोन, लहान एक, असं पुटपुटत तिने लिहिलं. मोठी तीन, असं हिस्किया दोनदा म्हणाला. तिने त्याच्या छातीसमोरून हात घालून पावती सायमाला दिली.

माजलेत हे लोक, असं तो पुढे मैलभर बडबडत होता. साधं तोंडाकडे बघत नाहीत. मी म्हटलं, तू तरी कुणाच्या तोंडाकडे बघतोस?

पहिल्या पाणवठ्यावर चिकार जनावरं होती. झेब्रे गुडघाभर पाण्यात, कडेला हरणं, मागे पांढऱ्या चिखलाने माखलेला एक गेंडा. तायमी यादीवर खुणा करत होती. तिची पेन्सिल दाराच्या पत्र्यावर टकटकली तेवढ्याने हरणांच्या माना वर झाल्या. मग तिला हसवायला हिस्कियाने दारावर थापा मारल्या, शीळ घातली, खिडकीतून अर्धा बाहेर येऊन हात हलवले. एकही कान हलला नाही.

त्याने कोपर खिडकीत टेकवलं. एक निळीकाळी साळुंकी उडत आली आणि त्याच्या मनगटावर बसली. फांदीवर बसतात तशी. तिने तिथे चोच घासली, दोन्ही बाजूंनी, सावकाश.

"बघ आई, ओळखतात मला," तो म्हणाला.

सायमाने फोनवर फोटो काढला आणि मागे तायमीला दाखवला. मीही पाहिला. खिडकीची कड होती. साळुंकी तिच्यावर चार बोटं वर होती, पंख मिटलेले, पायांखाली काही नाही. उडताना टिपला गेला असेल, असं सायमा म्हणाली आणि फोन पालथा घालून ठेवला.

मी हिस्कियाच्या मानेकडे पाहिलं. मी त्याच्याच मागे बसले होते. मान होती. सदऱ्याची कॉलर मळलेली होती. त्यावरून मी त्याला बोलले, तेव्हा मला बरं वाटलं.

मुक्काम तासाभरावर आला आणि दुसरं चाक बसलं. तिथे गाडीतून उतरायला बंदी आहे. पण सूर्य खाली येत चाललेला, मागेपुढे दुसरी गाडी नाही. हिस्किया उतरला. त्याने हौद्यातून दगड काढला आणि मागच्या चाकाला लावला. मी काचेतून सांगितलं, दुसरा बघ. त्याने ऐकलं नाही.

तो जॅक फिरवत असताना मोपानीतून हत्ती बाहेर आला. एकटा नर. कानशिलं ओली, काळे ओघळ गालापर्यंत आलेले. असा हत्ती दिसला की आम्ही धुणारणी बादल्या टाकून पळायचो.

सायमाने तोंडावर हात ठेवला. तायमीला मी खाली दाबलं.

हत्ती गाडीपाशी आला. सोंड सायमाच्या काचेवर फिरली. मग माझ्या. कान पसरले, पायाने धूळ उडवली. आम्ही त्याला कळलो होतो.

हिस्किया चाकापाशी गुडघ्यांवर बसलेला. हत्ती वळला आणि सरळ त्याच्या अंगावर चालून गेला. रागाने नव्हे. रिकाम्या वाटेने जातात तसा.

हिस्किया बाजूला लोळला म्हणून वाचला. कानाच्या फटक्याने त्याची टोपी उडाली.

दगडापाशी मात्र हत्ती थांबला. सोंडेच्या टोकाने दगड हुंगला. आणि त्याला वळसा घालून गेला.

दगडाला वळसा घातला. माझ्या मुलाला नाही.

हिस्कियाने चाक लावलं आणि दगड हौद्यात टाकला. गाडी हलली तेव्हा मी मागे वळून पाहिलं. मऊ पांढरी धूळ होती. तिच्यात जॅकचा ठसा होता, दगडाचा खळगा होता, परातीएवढी हत्तीची पावलं होती. माणसाचं पाऊल नव्हतं.

"आई, त्याने मला..." असं म्हणून हिस्किया थांबला. लहानपणी ताप चढला की असाच बोलायचा, अर्धं. मला त्याची दया आली. आणि दया आली तशी पुढच्या खुर्चीतून मला समोरचा रस्ता दिसायला लागला. काचेतून दिसतो तसा. त्याच्यातून.

मी दातओठ खाल्ले. गाढवा, म्हटलं, बावीस वर्षं मी परक्यांच्या चादरी धुऊन तुला शिकवलं ते दगड चोरायला? मान परत दिसली. कॉलरही.

मुक्कामाला पोचलो तेव्हा सूर्य वीतभर वर होता. माझ्या वेळचा फेस्टस अजून तिथेच नोकरीला आहे, फाटक सांभाळतो. हिस्कियाला त्याने कडेवर खेळवलंय. माझा आवाज ऐकून तो आमच्या चुलीपाशी आला, सायमाशी हात मिळवला, तायमीचा गाल ओढला. हिस्कियाने पुढे केलेल्या हाताजवळून तो माझ्याकडे आला.

"क्रिस्टोफीने, म्हातारी झालीस गं. आणि हिस्किया? त्याला नाही आणलंस?"

मी सायमाकडे पाहिलं. हिस्किया तिच्या शेजारी उभा होता, खांद्याला खांदा लावून.

"त्यांना काम असतं," सायमा म्हणाली. खोटं बोलताना तिची नजर खाली जाते, मला ठाऊक आहे. ती फेस्टसकडे सरळ बघत होती.

फेस्टस फाटक लावायला गेला. कडी पडल्याचा आवाज आला. आता सकाळपर्यंत कुणी बाहेर जाऊ शकत नव्हतं. सायमाने निखाऱ्यांवर मांस टाकलं.

तायमीने ताटल्या मांडल्या. तीन.

हिस्किया तिच्यासमोर वाकला, तिचं नाव घेतलं. तिने त्याच्या छातीतून हात घालून मिठाची बाटली उचलली.

मी हौद्यातून दगड काढला आणि मांडीवर घेऊन बसले. दिवसभर उन्हात होता, तरी गार होता. हिस्किया येऊन माझ्या पायांशी बसला. त्याचे ओठ थरथरत होते. त्याच्या खांद्यातून मला निखारे दिसत होते.

"ओमा," तायमी म्हणाली, "तू कोणाकडे बघतेयस अशी?"

मी दगडावर हात ठेवला आणि पायांशी बसलेल्या मुलाला सांगितलं.

"हिस्किया, माजोरडा आहेस तू, लहानपणापासून आहेस. उद्या फाटक उघडलं की गाडी तू चालवायचीस आणि हा दगड तुझ्या हाताने राशीवर ठेवायचास. तोवर रात्रभर आणि वाटभर मी तुला शिव्या घालणार आहे, आणि तू ऐकणार आहेस. आणि रडू नकोस. मला दया आली तर तू गेलास."