पिकअपचे नवे पाटे

लाकडं जरा शेकोटीत सारा. हं. आता ऐका पोरांनो, आणि मधे कोणी बोलू नका.

सोमला मिस्त्री तुम्हाला माहीत आहे. रिसोडला नाक्यापुढे ज्याचं पत्र्याचं गॅरेज होतं, तोच. माणूस थापा मारणारा नाही. उलट चार शब्द विचारावेत तेव्हा एक देणारा. हे त्याच्यावर गुदरलेलं आहे. त्याने ते एकदाच सांगितलं, नंतर कितीही खोदून विचारलं तरी नाही.

रिठदच्या चंपतने एक जुनी पिकअप आणली होती. लांब नाकाची, गोल दिव्यांची, पन्नासेक वर्षांपूर्वीची. कधीकाळी ऊसतोड मजूर वाहणारी ती पश्चिमेकडच्या साखरपट्ट्यात एका भंगारवाल्याच्या आवारात पडलेली दिसली आणि गडी तिच्यावर भाळला. भाजी वाहायला लोक नवी गाडी घेतात, याने हे धूड ओढत आणलं. घरात बायकोने, सीताबाईने, दोन दिवस अबोला धरला.

पण सोमलाने गाडीवर हात फिरवला आणि म्हणाला, "पत्रा लोखंडी हाय, चंपतभाऊ. इंजिनबी चालते. फक्त कंबर गेली हाय इची."

कंबर म्हणजे पाटे. चाकांवर गाडी तोलून धरणाऱ्या त्या पोलादी पट्ट्या पार सपाट झालेल्या. गिअरबॉक्स दात खात होता, मागची धुरी, म्हणजे चाकांमधला दांडा, रडत होती. सोमलाने सगळं उतरवलं. जाड नवे पाटे बनवून घेतले, चारी शॉकप नवे टाकले, एका अलीकडच्या जीपचा गिअरबॉक्स आणि मागची धुरी बसवली, आणि दोन्ही जोडणारा शाफ्ट मापात कापून आणला. महिना गेला.

चंपतला घाई भोगीची होती. भोगीला घरोघर मिसळीची भाजी, त्या एका सकाळी वांगी-गाजर-वालाच्या शेंगांना जे गिऱ्हाईक असतं ते वर्षभर नसतं. सीताबाईने माल तोडून ठेवला होता. पहाटे गाडी नसली तर तो जागेवरच सुकणार.

"सकायी पाचले ये," सोमलाने सांगितलं. "गाडी तयार राहीन."

तर ती रात्र. भोगीच्या आदल्या दिवसाची, सोमवारची. थंडी अशी की पाना हाताला चिकटावा. सोमलाने शटर आतून ओढून घेतलं. गाडी चारी चाकांवर उभी होती, फक्त शाफ्टचे मागचे बोल्ट राहिले होते. साडेबारा वाजले असतील. पोतं अंथरून तो गाडीखाली सरकला. छातीवर चार बोटं जागा उरेल एवढीच उंची.

दोन बोल्ट बसले.

आणि पाटा करकरला.

मागचा, डावीकडचा. नवा पाटा एका माणसाच्या भाराने कुठे हलतो? पण तो हलला. वर मागच्या फळीवर, माल ठेवतात तिथे, कोणीतरी चढावं तसा गाडीने झोका घेतला. सोमलाला वाटलं, चंपत लवकर आला.

"चंपतभाऊ?"



त्याने मान वळवून पाहिलं. दिव्याचा उजेड फरशीवर पडलेला. शटर खाली. गाडीभोवती पाय... कोणाचेच नाहीत.

पुन्हा करकर. उजवीकडून. मग पुन्हा. एकामागून एक. जसं कोणी हात देतंय, कोणी चढतंय. आणि दर वेळी वरचं लोखंड बोटभर खाली येत होतं.

सोमला बाहेर सरकायला गेला. खांदा अडकला. गाडीच्या सांगाड्याची आडवी पट्टी छातीला टेकली होती.

वरून बोलणं ऐकू आलं. हळू. दमल्या माणसांचं.

"सरक न थोडी."

"पोरीले मांडीवर घे."

"गठुडं इकडं दे."

 लहानपणी सोमलाही आईबापाबरोबर ऊसतोडीला जायचा, अशाच गाडीच्या फळीवर बसून. अशीच गठुडी. हीच बोलणी.

अजून एक चढलं. पट्टी छातीवर रुतली. श्वास वरच्यावर राहिला. पाना हातातून सुटला आणि फरशीवर खणकन वाजला.

वरचं बोलणं थांबलं.

...

मग एका बाईचा आवाज. अगदी त्याच्या तोंडावर, फळीच्या पलीकडून.

"खाली कोन हाय?"

 

"मी... मिस्त्री."

"गाडी काहून थांबली, दादा?"

सोमलाने दोन्ही तळहात पट्टीला लावून रेटलं.

"लय दिवस झाले. आमाले घरी नेशीन का?"

"कुठं?" कसाबसा शब्द निघाला.

"किन्हीराजाले."

छातीत जेवढी हवा होती तेवढी गोळा करून सोमला बोलला. "नेतो. आजच नेतो. पन उतरा... बोल्ट राह्यले. कसल्याबिगर गाडी हालत नाई."



मग पाटा सुटला. एक. दुसरा. तिसरा. लोखंड उचललं गेलं आणि सोमलाने छातीभर श्वास घेतला.

आता पळावं? चारी बाजू मोकळ्या होत्या. एक पाऊल दिसत नव्हतं. पण चारी बाजूंनी श्वास ऐकू येत होते. गाडीला वेढा घालून ते उभे होते. वाट बघत.

त्याने पाना उचलला. उरलेले दोन बोल्ट कसले. एकही आटा चुकला नाही. चुकला असता तर पुन्हा खाली यावं लागलं असतं.

बाहेर आला तेव्हा गॅरेजात कोणी नव्हतं. त्याने शटर वर केलं, केबिनमध्ये बसला, चावी फिरवली. मागे पाटे करकरले... पुन्हा सगळे.

वाटेतलं मालेगाव मागे पडलं. रस्ता रिकामा. आरशात त्याने एकदाही पाहिलं नाही. रिकामी गाडी भरल्यासारखी चालत होती, जड, शांत. नवा गिअरबॉक्स कुरकुरला नाही. मागे एक पोर खोकत होतं, तेवढंच.

किन्हीराजाच्या अलीकडे, शेतांकडे कच्ची वाट फुटते. तिथे त्याने ब्रेक दाबला. इंजिन चालूच ठेवलं.

"आलं," तो म्हणाला. मागे न बघता.

पाटे सुटत गेले. एकेक. गाडी हलकी झाली, वर आली. कोणी "येतो" म्हटलं नाही. अंधारात कुठेतरी कुत्रं एकदा भुंकलं आणि मधेच थांबलं.

सोमलाने गाडी वळवली. परतीच्या वाटेवर तो रडला, असं त्यानेच सांगितलं. सुटलो म्हणून रडला.

पाचला गॅरेजपुढे चंपत कानटोपी बांधून उभा होता. गाडी येताना पाहून खूश झाला. "वा मिस्त्री! चालवूनबी पाह्यली?"

सोमलाने मान हलवली. तो उतरला, बाजूला झाला. चंपत घाईत होता. पलीकडून फिरून त्याने दुसरं दार उघडलं, डबा ठेवायला हात आत घातला... आणि तसाच थांबला.

"मिस्त्री."

"काय?"

"तुमच्यासंगं कोन आलं व्हतं?"

"कोनी नाई."

चंपतने सीटवर पुन्हा हात ठेवला. त्या थंडीत.

"मंग ही सीट कोमट काहून हाय?"