बिनमुदतीचं गाणं

आपली चाल आपली राहिली नाही, हे सुदेशला एका सोमवारी कळलं. आदल्या दिवशी कोपर गावात एका हळदीत त्याने ती बेंजोवर वाजवली होती आणि हौसेने व्हिडिओ स्वतःच्याच चॅनलवर टाकला होता. सकाळी बघतो तर माणसं नाचतायत, पण आवाज गायब. खाली ओळ आलेली, की या संगीताचे हक्क दुसऱ्या कंपनीकडे आहेत.

चाल त्याने स्वतः बांधलेली. ठाण्यातल्या एका कंपनीने ती रेकॉर्ड करून बाजारात आणली, तेव्हा त्याने त्यांच्या कागदांवर सह्या केल्या होत्या. तेच कागद एका ओळखीच्या वकिलाला द्यायचे, म्हणून तो डोंबिवली स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात गेला. तिथे एका बाजूला टेबल टाकून समृद्धी भाड्याच्या घरांचे करार करून द्यायची. झेरॉक्सवाला जेवायला गेलेला, म्हणून तीच उठली. एकेक पान काचेवर ठेवताना तिची नजर ओळींवरून फिरत होती.

"तुम्ही वाचताय," सुदेश म्हणाला.

"सवय आहे." तिने पुढचं पान उचललं आणि ती थांबली. "हे... सही करायच्या आधी वाचलेलं तुम्ही?"

"वाचलेलं. कळलं नव्हतं."

ती हसली नाही. सुदेशला तेच आवडलं. त्या दिवशी सकाळपासून बेंजो पार्टीतले सगळे त्याला हसत होते.

तिने त्याला खुर्चीत बसवलं आणि तिला येत होतं त्या भाषेत समजावलं. फ्लॅट भाड्याने दिला तरी मालक मालकच राहतो. कोण राहणार, कशासाठी, किती महिने, सगळं लिहिलेलं असतं, आणि मुदत संपली की किल्ली परत येते. गाण्याचं लायसन्सही तसंच करता येतं. कुठल्या सिनेमापुरतं, कुठल्या देशात, किती वर्षं, ते लिहून घ्यायचं. सुदेशच्या कागदावर मात्र सगळे हक्क, सगळीकडे, कायमचे, असं होतं.

"तुम्ही भाड्याने नाही दिलं," ती म्हणाली. "विकलंत."

तो कागद घेऊन निघून गेला. दोन दिवसांनी, कागदावर वाचलेल्या नंबरवर, तिचाच फोन आला. कुठे कुठे शोधून तिने कायदा वाचला होता. लग्नकार्यात गाणं वाजवायला कुणाची परवानगी लागत नाही, तेव्हा हळदीत ती चाल खुशाल वाजवा, असं तिने सांगितलं.

"एवढं सांगायला फोन केलात?"

"एवढंच सांगायला," ती म्हणाली, आणि तरी तिने फोन ठेवला नाही.

मग सुदेशला सारख्या झेरॉक्स लागायला लागल्या. एकदा तिने विचारलं, की एकाच आधार कार्डाच्या एवढ्या प्रतींचं करता तरी काय. तळमजल्याला ओल येते, भिंतीला लावतो, असं त्याने सांगितलं. त्या दिवशी ती हसली.

त्याने नवी चाल बांधली, ती पहिल्यांदा ऐकली समृद्धीने. रेतीबंदरला खाडीच्या काठावर बसून त्याने गुणगुणली आणि तिने तिथल्या तिथे शब्द घातले. कुणाची तरी वाट बघत दार उघडं ठेवणाऱ्या बाईचं गाणं होतं ते. कुणाची वाट, हे त्याने विचारलं नाही.

ते गाणं एका मोठ्या निर्मात्याला हवं होतं, पण सगळे हक्क देऊन. सुदेशने पेन उघडलंही होतं. समृद्धीने कागदावर हात ठेवला. तो सौदा गेला. परतताना सुदेश वाटभर तिच्या चार पावलं पुढे चालत होता. दिवाळीनंतर कल्याणच्या काही पोरांनी तेच गाणं आपल्या सिनेमापुरतं, ठरावीक वर्षांसाठी घेतलं. मालकी दोघांकडे राहिली.

त्या संध्याकाळी ते पुन्हा खाडीवर गेले. अर्धं गाणं तुमचं आहे, आपल्या दोघांतही लिखापढी करू, सुदेश म्हणाला. दिवसभर लोकांचे कागद करणाऱ्या समृद्धीने नकारार्थी मान हलवली.

"कागद केला की त्यात मुदत लिहावी लागते," ती म्हणाली. "आणि मला... तुझ्याबाबतीत मुदत नकोय."

'तुझ्या' हे तिने पहिल्यांदाच म्हटलं होतं.  सुदेशने हात पुढे केला. बेंजो छेडायची नखी धरून धरून अंगठ्यावर घट्टा पडला होता, तो तिने चाचपून पाहिला आणि हात सोडला नाही.

स्वतःच्या हळदीत सुदेशने ती विकलेली चाल वाजवली. तोंडाला हळद फासलेला नवरा मांडवात बसून बेंजो वाजवतोय, म्हणून बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. पलीकडे तिच्या घरी समृद्धी फोन कानाला लावून ऐकत होती.

गेल्या पावसाळ्यात समृद्धी गेली. आजार लांबला नाही.

आता कल्याणच्या पोरांची मुदत संपली आहे. त्यांना गाणं आणखी काही वर्षं हवंय, आणि त्यांनी नवा करार पाठवलाय. सुदेशने तो तिच्यासारखाच वाचला, एकेका ओळीवर बोट ठेवून. एका ठिकाणी 'कायमचे' असा शब्द घुसला होता, तो त्याने काढायला लावला. शेवटच्या पानावर गीतकाराचं नाव आहे. त्याखाली विचारलंय, की गीतकार हयात नसल्यास मृत्यूची तारीख कोणती. कशासाठी ते त्याला माहीत आहे. तिनेच शिकवलं होतं. शब्दांवरचा हक्क लिहिणाऱ्याच्या माघारी साठ वर्षं चालतो, आणि तो माणूस गेला त्याच्या पुढच्या वर्षापासून ती मोजतात.

म्हणजे मुदत होतीच.

करार घरी टेबलावर आहे. पोरांचे दोन फोन येऊन गेले. सुदेशची सही झाली आहे, वारस म्हणून त्याचं नावही लिहून झालंय. तारीख त्याने अजून लिहिलेली नाही.