सव्वादोन किलोची सॅक

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचली असती तर रात्रीची रचली असती.

हे घडलं दुपारी चारला, लख्ख उन्हात. १९७३ चा फेब्रुवारी. अकोले तालुक्यात, रतनवाडीच्या वरची घळ.

माझे मामा, गहिनीनाथ. केडगावला त्यांचं ताडपत्र्या शिवायचं दुकान होतं, पण जीव सगळा डोंगरात. जुन्या बाजारातून पॅराशूटचं टाकाऊ कापड आणून ते हलक्या सॅक आणि तंबू शिवायचे. वजन कमी करायचं वेडच होतं त्यांना. चमच्याचा दांडासुद्धा अर्धा कापून टाकायचे.

त्या दिवशी नवी सॅक पहिल्यांदा पाठीला लावली होती. तंबू, पांघरूण, भांडं... सगळं मिळून सव्वादोन किलो. सोबत जिवलग मित्र, बन्सी.

घळ उतरताना वारा पडला.

पाखरं गप्प झाली...

मामांच्या मानेला कुणाचातरी श्वास लागला.

"बन्सी, एवढं खेटून चालू नगं."

"मी खाली हाय की."

आवाज पन्नास पावलं पुढून आला होता.

मामा थांबले. सॅक जड व्हायला लागली होती. आधी पाण्याच्या घागरीएवढी... मग ज्वारीच्या पोत्याएवढी. पट्टे खांद्यात रुतले.

कुणीतरी पाठीवर नीट बसून घेत होतं.

मग बरगड्यांत टाच बसली. दोन्हीकडून. घोड्याला मारतात तशी.

मामा तोंडावर आपटले. पुढचे दात गेले. डाव्या खांद्याचं हाड मोडलं, तो आवाज त्यांनी स्वतः ऐकला.

बन्सी धावत वर आला. त्याला काहीच दिसत नव्हतं.

"पट्टं काप," मामा कसेबसे म्हणाले.

त्यानं चाकूनं दोन्ही पट्टे कापले. सॅक बाजूला पडली. मामांना श्वास घेता आला.

आणि बन्सी वाकला...

हात मागं नेऊन तो स्वतःची पाठ ओरबाडू लागला. त्याची मान मागं ओढली गेली. सदऱ्यावर, दोन्ही बरगड्यांवर रक्त उमटलं. मग तो चालू लागला. वाट सोडून, सरळ झाडीत.

मामांना उठता येत नव्हतं. ते नुसते ऐकत राहिले.

"उतर... उतर आता. आरं, उतर की..."

आवाज लांब लांब जात राहिला. दिवस मावळेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी गावकऱ्यांना मामा सापडले. बन्सी तिसऱ्या दिवशी. डोंगराच्या पार पलीकडं, आठ मैलांवर. कणा दोन ठिकाणी मोडलेला. तळपायांचं कातडं सोलून हाड उघडं पडलेलं.

प्रेत उचलायला गेलेले कारभारी नावाचे म्हातारे एवढंच म्हणाले, "कना मोडल्याव मानूस चालंल कसा?"

कागदावर 'कड्यावरून पडून मृत्यू' असं आलं.

मामांनी खरं काय ते फक्त मला सांगितलं. बन्सीच्या बायकोला, लंकाबाईंना, कधीच नाही.

मामा आता नाहीत. मागच्या महिन्यात लंकाकाकूंकडे गेलो होतो. ऐंशीला टेकल्यात. जरा वेळानं त्यांनी विचारलं, "बाळा, आमच्या मालकास्नी लई येळ तरास झाला का रं?"

"न्हाई काकू," मी म्हणालो. "पडले अन् लगेच गेले."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग चहा ठेवायला आत गेल्या.

मला तिथं बसवेना.