बाबांच्या रक्ताचा अहवाल

पाठीवर ताजे टाके असल्यामुळे धाकटी तपासनीस बाईंसमोर खुर्चीच्या कडेवरच बसली.

"सव्वीस वर्षांची आहे मी. पोहणं शिकवते. पाठीवरचा तीळ काढला, तर त्वचेचा कॅन्सर निघाला. बाबाही त्यानंच गेले. डॉक्टर म्हणाले, बाबांच्या रक्तात दोष सापडला होता आणि मुलांत तो उतरण्याची शक्यता निम्मी. तपासणी करून घ्या म्हणून सहा वर्षांपूर्वीच त्यांनी घरी पत्र पाठवलं होतं. मला ते कुणी दाखवलंच नाही. कुणी दाबलं, तेवढं शोधा."

"टपालात गहाळ झालं असेल," मास्तर म्हणाले. गणित शिकवून निवृत्त झालेले मास्तर आता तपासनीस बाईंच्या मदतीला असत.

"पोच आहे. सही मात्र नुसता फराटा."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघं धाकटीच्या घरी पोचली.

"हे गेल्यावर मी दोन महिने अंथरुणातून उठले नव्हते," आई म्हणाली. "टपाल मोठाच बघायचा."

दादा चिडलाच. "असलं पत्र आलंच नाही! आलं असतं तर मी आधी स्वतःला नसतं तपासून घेतलं? त्वचेच्या डॉक्टरचं तोंडही मी पाहिलेलं नाही."

"मी तेव्हा या घरात नव्हते," वहिनी म्हणाली. "आमचं लग्न त्याच वर्षी, पण नंतर झालं." अंगणातून चार वर्षांची लेक आत आली. पूर्ण बाह्या, रुंद टोपी. "हिला उन्हाची ॲलर्जी आहे. दर सहा महिन्यांनी हेच नेतात त्वचेच्या डॉक्टरकडे. मी कधी गेले नाही."

भिंतीवर समुद्रकिनाऱ्यावरचा फोटो होता, दोन वर्षांपूर्वीचा. दादा लेकीला टोपी घालत होता. शेजारी धाकटी, पाठमोरी, पोहण्याच्या पोशाखात.

बाईंनी सगळ्यांना बसवलं.

"आईंनी सही केली असेल आणि दुःखात विसरल्या असतील," मास्तर पुटपुटले.

"मग दोन वर्षांपूर्वी या मुलीला उन्हापासून इतकं कोण जपत होतं, मास्तर? तेव्हा धाकटीचा आजार कुणाला ठाऊकही नव्हता. वहिनींना ॲलर्जी सांगितली गेली, आणि ती सांगणारा म्हणतो, मी त्वचेचा डॉक्टर पाहिलेला नाही! टपाल याच्याच हाती, लग्न तोंडावर. पत्र याने वाचलं, स्वतःला तपासून घेतलं, मग लेकीलाही. बहिणीला तेवढं सोडून."

दादाची मान खाली गेली. "माझ्यात दोष निघाला. कळलं असतं तर लग्न मोडलं असतं. नंतर... नंतर सांगायला तोंडच राहिलं नाही."

"माझ्या पाठीवरचा तीळ तू पाहिला होतास?" धाकटीनं विचारलं.

दादाची नजर भिंतीवरच्या फोटोकडे गेली. "हो."

आईनं पदर तोंडाशी धरला. दादा उठून जवळ आला. "सोमवारी तुझं पुढचं ऑपरेशन आहे. मी येतो सोबत."

धाकटीनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. "वहिनी, तू येशील?"

वहिनीनं लेकीला उचलून कडेवर घेतलं.

"येते. हिलाही आणते. यापुढे डॉक्टरांशी मीच बोलेन."