पिराजीचा पहारा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पोरांनो. मधेच दात काढलेले मला खपायचे नाहीत. ज्याच्यावर गुदरलं तो राजवर्धन माझा मावसभाऊ. फौजेतून कर्नल होऊन आला, आता कळंब्याला राहतो. खोटं वाटलं तर जाऊन विचारा.

गेल्या वर्षीची वैशाखातली अमावास्या. राजवर्धन मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन गगनबावड्याकडे निघाला होता. देवाखालोखाल पहिली पत्रिका तानाबाईला, आणि तीही स्वतःच्या हातानं, असं त्यानं ठरवलेलं. तानाबाई म्हणजे पिराजीची आई.

कारगिलच्या लढाईत राजवर्धन कोवळा लेफ्टनंट होता आणि पिराजी त्याच्या प्लाटूनमधला जवान. एका रात्री त्यांनी एक बर्फाळ कडा काबीज केला, पण शत्रू उलटून आला. जखमींना खाली न्यायचं, तर मशीनगन धरून कुणीतरी मागं थांबायला हवं. पिराजी म्हणाला, "मी हाय की साहेब." राजवर्धननं त्याला बजावलं, "बदली द्यायला मी सोता येतो. तवर जागा सोडायची न्हाय." उतरताना तोफगोळ्याचे तुकडे राजवर्धनच्या मांडीत घुसले आणि शुद्ध आली ती इस्पितळात.

कडा परत घेतला तेव्हा मशीनगन मिळाली, रिकाम्या काडतुसांचा ढीग मिळाला. पिराजी नाही मिळाला. सरकारनं त्याला लापता लिहिलं. गावानं म्हटलं, पळाला. राजवर्धननं चारदा जाऊन सांगितलं, पण गावाच्या तोंडाला हात कोण लावणार? तानाबाई मात्र कुणाला बधली नाही. पोराचे दिवस घातले नाहीत, फोटोला हार घातला नाही. "भितं पोर ह्या पोटात वाढलंच न्हाय," म्हणायची.

वाटेत टायर पंक्चर झालं आणि उशीर झाला. रात्री अकराच्या सुमाराला, गगनबावड्याच्या अलीकडच्या वळणावर, गाडी बंद पडली. दिवेही गेले. राजवर्धन खाली उतरला. रातकिडेसुद्धा गप्प होते. कुठूनतरी बारुदाचा वास येत होता.

"थम."

आवाज अंधारातून आला, पहाऱ्यावरचा जवान हटकतो तसा.

"कौन आता है?"

"दोस्त," राजवर्धन सवयीनं म्हणाला.

मग हळूच...

"तांबडा."

त्या रात्रीचा परवलीचा शब्द. घरच्या रश्श्याची आठवण यावी म्हणून राजवर्धननंच पोरांना दिलेला. त्या रात्रीनंतर तो कुणी उच्चारला नव्हता.

"पांढरा." राजवर्धननं ठरलेलं उत्तर दिलं.

"साहेब... बदली आणली?"

तुम्ही-आम्ही असतो तर चपला टाकून पळालो असतो. भीती राजवर्धनलाही वाटली, खोटं कशाला सांगू? पण भीतीपेक्षा राग मोठा होता. पोर इतकी वर्षं जागेवर उभं, आणि गाव त्याला पळपुटा म्हणतंय.

"मीच बदली. घरी जा, पिराजी. आई वाट बघतीया."

"आन् जागा?"

"जागा आता माझी. उजाडेपतुर हालत न्हाय."

शेजारून कुणीतरी गेलं. गवत दबल्याचा आवाज तेवढा झाला.

मग खालून बूट वाजले.

एक जोडी नव्हे. पुष्कळ. चढत येणारे, त्या रात्री शत्रूचे आले होते तसे.

राजवर्धन रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. हातात काही नाही. बूट जवळ आले. आणखी जवळ... थांबले. समोर श्वास ऐकू येत होते. दिसत कुणी नव्हतं.

"या की," तो म्हणाला. "फुडं जायचं तर माझ्या अंगावरनं जावं लागंल."

रात्रभर तो तिथून हलला नाही.

कुणी पुढंही आलं नाही.

उजाडलं तेव्हा गाडी एका झटक्यात सुरू झाली. तो तानाबाईच्या दारात पोचला, तर अर्धं गाव गोळा झालेलं. म्हातारीनं आदल्या संध्याकाळी अंगण सारवलं होतं. त्या सारवणात फौजी बुटांचे ठसे उमटले होते, रस्त्यापासून थेट उंबऱ्यापर्यंत. आत गेलेले. परतीचा एकही नाही. तानाबाई काठी घेऊन राखणीला बसली होती, कुणाला अंगणात पाय टाकू देत नव्हती.

"सांगा की साहेब ह्यास्नी," ती गावाकडं बघत म्हणाली. "पळालेलं पोर कुठं पळत आलंय ते."

राजवर्धन उंबऱ्याजवळ वाकला. शेवटच्या ठशात काहीतरी चमकत होतं, म्हणून त्यानं बोट लावलं.

वैशाखातलं ऊन अंगणभर पडलं होतं... आणि ठशात बर्फ होता.