तिसरी टकटक

हे खरं घडलेलं आहे. माझ्या डोळ्यांसमोर, भर सकाळी, पाचशे माणसांच्या देखत.

ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं. माझी काही हरकत नाही. मी नर्स आहे. मेलेली माणसं माझ्या रोजच्या कामातली. मेलेली माणसं काही करत नाहीत, हे मी शपथेवर सांगेन.

फक्त थेरन मिचम मेला होता की नाही, हेच मला आजवर कळलेलं नाही.

साल १९९४. एप्रिलचा पहिला रविवार. गाव अटलांटा. विद्यापीठाचं नाव सांगत नाही, कारण माझी मुलगी आता तिथे शिकतेय. आम्हा काळ्या लोकांनी, चर्चमध्ये थाळी फिरवून, वीट वीट जमवून उभारलेलं जुनं विद्यापीठ आहे. माझी आजी तिथलीच, आई तिथलीच. मी दुसरीकडे अर्ज केला असता तर घरात कुणी माझ्याशी बोललं नसतं.

माझी रूममेट होती अर्डेल मिचम. आम्ही तिला डेल म्हणायचो. मेम्फिसची. तोंडाने फटकळ, मनाने लोणी.

डेलची एक सवय होती. खोलीची किल्ली जवळ असली तरी दार वाजवूनच आत यायची. दोन टकटक पटापट... मग जरा थांबून तिसरी.

ठक-ठक... ठक.

"पोलिसांसारखी काय वाजवतेस गं?" मी एकदा वैतागून विचारलं.

"आमच्या घरची खूण आहे ही," ती म्हणाली. "माझी आणि थेरनची. तिसरी वाजली की समजायचं आपलं माणूस आहे. नाही वाजली तर दार उघडायचं नाही."

थेरन तिचा मोठा भाऊ. दोन वर्षांपूर्वी आईशी भांडून, "जरा बाहेर जाऊन येतो" म्हणून घराबाहेर पडला होता.

तो परत आलाच नाही.

पत्र नाही. फोन नाही. पोलिसांनी हात वर केले. त्यांची आई, सगळ्यांची 'मिस ओडेसा', पोर्चवरचा दिवा दिवसाही विझवत नसे. रविवारच्या जेवणात थेरनचं ताट वाढून, झाकून ठेवायची. सुट्टीत घरी असली की सोमवारी ते शिळं चिकन डेलला खावं लागायचं. ती सांगताना हसायची, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

आता आमच्या स्थापनादिनाबद्दल थोडं सांगायला हवं.

त्या दिवशी आम्ही सगळ्या मुली पांढऱ्या कपड्यांत विद्यापीठाच्या प्रार्थनाघरात, चॅपलमध्ये बसतो. मधोमध मातीची मोठी कुंडी असते. आमच्यातली सगळ्यांत वडीलधारी बाई चंबूतून त्या कुंडीत पाणी ओतते. पाणी पडत असताना ज्याला त्याला आपलं गेलेलं माणूस आठवतं. तो उभा राहून त्याचं नाव मोठ्याने घेतो. सगळे मिळून म्हणतात, "आशे." म्हणजे तसंच होवो. मग ते नाव पूर्वजांत गेलं.

नियम दोनच. पाणी ओतून होईपर्यंत दार उघडायचं नाही. बाहेर कुणीही असो.

आणि नाव फक्त गेलेल्या माणसाचंच घ्यायचं.

आदल्या दिवशी दुपारी डेल माझ्या गुडघ्यांमध्ये जमिनीवर बसली होती. मी तिच्या वेण्या घालत होते. अचानक म्हणाली, "उद्या मी थेरनचं नाव घेणार आहे."

माझे हात थांबले.

"डेल, वेडी आहेस का? तो गेलाय हे कुणी सांगितलं तुला?"

"तो आहे, हे तरी कुणी सांगितलं?"

"अगं पण नक्की कळल्याशिवाय..."

"नक्की काय असतं गं?" ती माझ्याकडे वळली. अर्धी वेणी सुटली. "दोन वर्षं झाली. आमच्या घरात कुणी रडत नाही. रडलं की ममा ओरडते, 'माझा पोरगा मेला नाहीये.' मला एकदा रडू तरी दे. एकदा त्याचं नाव घेते, सगळे 'आशे' म्हणतील, आणि मी मोकळी होईन."

मी तिला पुढे वळवलं आणि वेणी पुन्हा घातली.

रविवारी चॅपल खच्चून भरलं होतं. आम्हाला मागची जागा मिळाली, दरवाज्यापासून दुसरी रांग. दारापाशी चौथ्या वर्षाची एक मुलगी पांढरे हातमोजे घालून उभी होती. सगळ्यांत वडीलधाऱ्या मदर ग्रिफिन काठी टेकत पुढे आल्या. नव्वदीच्या होत्या, पण आवाज असा की मागच्या भिंतीला जाऊन लागायचा.

"दार लावा," त्या म्हणाल्या.

दार लागलं.

पाणी पडायला लागलं. कुणी आजोबांचं नाव घेतलं. आशे. कुणी शिक्षकाचं. आशे. एका मुलीने आईचं नाव घेतलं आणि तिला पुढे बोलवेना, तेव्हा सगळ्यांनी जास्तच मोठ्याने म्हटलं.

आणि डेल उठली.

मी तिचा ड्रेस धरला होता. का धरला होता, माहीत नाही. तिने माझा हात सोडवला.

"थेरन लुईस मिचम," ती म्हणाली. आवाज जराही कापला नाही.

आणि तेवढ्यात...

ठक-ठक.

दारावर.

पटापट. दोन.

डेलची मान गर्रकन दाराकडे वळली. तिचं तोंड उघडंच होतं. तिने हात वर केला, जणू कुणाला तरी थांबवायचं होतं. पाचशे माणसांनी श्वास घेतला होता...

"आशे!"

मी थांबले. ती थांबली. आम्ही दोघी तिसऱ्या टकटकीची वाट बघत होतो.

ती वाजली नाही.

"दार उघड!" डेल ओरडली. हातमोजेवाली मुलगी मदर ग्रिफिनकडे बघायला लागली. मदर ग्रिफिनच्या चंबूत अजून पाणी होतं. त्यांनी नुसती मान हलवली. नाही.

डेल बाकांवरून उड्या मारत गेली. त्या मुलीला ढकललं आणि कडी काढली.

बाहेर कुणीच नव्हतं.

लख्ख ऊन. समोर मॅग्नोलियाचं झाड. लांब रस्त्यावर एक बस गेली.

पण पायऱ्या... पायऱ्या ओल्या होत्या.

आठवडाभर पाऊस नव्हता. तरी खालपासून वरपर्यंत बुटांचे ओले ठसे होते. मोठे, पुरुषाचे. एकेक पायरी चढून दारापर्यंत आलेले.

परत गेलेला एकही ठसा नव्हता.

शेवटच्या पायरीवर उकडलेल्या शेंगांची टरफलं पडली होती. मी ती हातात घेतली. अजून कोमट होती.

डेल फाटकाकडे पळाली, मी तिच्या मागे. फाटकावर मिस्टर पर्नेल खुर्ची टाकून बसले होते. वर्षानुवर्षं तिथेच बसायचे, येणाऱ्याजाणाऱ्याची थट्टा करत.

"काय गं, भेटला का भाऊ?" त्यांनीच विचारलं.

मी विचारलं, "कोण भाऊ, मिस्टर पर्नेल?"

"अगं, आत्ताच तर आला होता. उंच पोरगा. डिट्टो हिचं नाक. म्हणाला, माझी बहीण आत आहे. मी म्हटलं, बाबा, दार लागलंय, पाणी ओतून होईपर्यंत पायऱ्यांवर बस. भुकेला दिसला, म्हणून शेंगा दिल्या मूठभर. हात मिळवला माझ्याशी."

"हात... कसा होता?" डेलने विचारलं.

"कसा म्हणजे? हातासारखा हात." ते हसले. मग आमचे चेहरे बघून त्यांचं हसू गेलं. "गरम होता, लेकी. चांगला गरम होता. का गं?"

डेल वळून चॅपलकडे बघायला लागली.

जाण्याचा रस्ता तेवढाच होता. मिस्टर पर्नेल खुर्चीवरून उठले नव्हते. त्यांच्यासमोरून कुणीही बाहेर गेलं नव्हतं.

वसतिगृहात शिरलो तर जिन्यातला फोन वाजत होता. सगळे चॅपलमध्ये, उचलणार कोण? कधीपासून वाजत होता देव जाणे. डेलने उचलला.

मिस ओडेसाचा आवाज मला लांबूनही ऐकू आला. ती हसत होती, रडत होती, देवाचे आभार मानत होती.

"डेल! बेबी! पहाटे थेरनचा फोन आला होता गं! बस स्टँडवरून! म्हणाला, ममा, मी घरी येतोय, आधी डेलला भेटतो, तिला सांगू नकोस, गंमत करायचीय. पण मला राहवेना! आला का? पोचला का माझा पोरगा?"

डेलने फोन दोन्ही हातांनी धरला. तिच्या पांढऱ्या ड्रेसवर बाकाच्या धुळीचा पट्टा उमटला होता.

"अजून नाही, ममा," ती म्हणाली.

पोलीस आले. मिस्टर पर्नेलना तेच तेच विचारून दमवलं. गटारं बघितली, तळघर बघितलं. बसच्या ड्रायव्हरने फोटो ओळखला. हो, हाच पोरगा, सकाळी अटलांटाला उतरला, गाणं गुणगुणत होता.

पुढे काहीच नाही. शहराने त्याला गिळून टाकलं.

डेलने त्या दिवसानंतर दारावर कधी टकटक केली नाही. किल्लीने दार उघडून आत यायची आणि भिंतीकडे तोंड करून झोपायची. रविवारी फोन वाजायचा. मिस ओडेसा विचारायची, "आला का?" डेल म्हणायची, "अजून नाही." आपण त्याचं नाव घेतलं, हे तिने आईला कधीच सांगितलं नाही. मला फार वाईट वाटायचं. रागही यायचा. कुणावर, ते मात्र कळायचं नाही.

एकदा ती मदर ग्रिफिनच्या घरी गेली. मला बरोबर घेतलं.

"घेतलेलं नाव मागे घेता येतं का, मॅम?" तिने विचारलं.

मदर ग्रिफिननी हातातला काटा खाली ठेवला. ताटलीतला रताळ्याचा केक तसाच राहिला.

"लेकरा, मातीत गेलेलं पाणी मी कशी गोळा करू?" त्या म्हणाल्या. मग डेलचा हात हातात घेतला. "पुढच्या वर्षी दार उघडं ठेवू. एवढंच माझ्या हातात आहे."

त्यांनी शब्द पाळला.

पुढच्या एप्रिलला, विद्यापीठ सुरू झाल्यापासून पहिल्यांदा, दाराची दोन्ही कवाडं पार मागे भिंतीला लावून ठेवली. लोक कुजबुजले. मदर ग्रिफिनच्या एका नजरेने गप्प झाले.

डेल शेवटच्या बाकावर कडेला बसली. शेजारची जागा तिने रिकामी ठेवली होती. कुणी बसायला आलं की म्हणायची, "भाऊ येतोय."

मदर ग्रिफिननी चंबू उचलला. तो आमच्यासमोर काठोकाठ भरला होता. मी स्वतः बघितला होता. त्यांनी तो वाकवला...

पाणी आलं नाही.

अजून वाकवला. पार उलटा केला.

एक थेंब नाही.

चॅपलमध्ये अशी शांतता पसरली की पंख्यांचा आवाजही नकोसा झाला. आणि मग, त्या सताड उघड्या दारावर, जिथे हात मारायला कुणीच उभं नव्हतं...

ठक.

एकच.

सावकाश. माणूस फार थकल्यावर वाजवतो तशी.

डेल उठली. ती घाबरली नव्हती, हे मला आजही आठवतं. ती उंबरठ्यापाशी गेली. उंबरठा ओला होता, आणि ते पाणी बाहेरून आत येत होतं.

"ये ना," ती म्हणाली. "ये आत. मी आहे."

ती बराच वेळ तशीच उभी राहिली. मग खाली बसली आणि रडायला लागली. तीन वर्षांत पहिल्यांदा. कुणीही "आशे" म्हटलं नाही.

तो आत आला का? मला दिसला नाही. डेलला विचारलं तर म्हणाली, "मला माहीत नाही गं." पुढे कधी विचारलं तरी हेच.

मदर ग्रिफिन त्याच वर्षी गेल्या. त्यांच्यानंतर दार पुन्हा लावायला लागले. नियम म्हणजे नियम. डेल मेम्फिसला राहते. मिस ओडेसा नव्वदीला आलीय. पोर्चवरचा दिवा चालूच आहे. तिला आता बाकी काही आठवत नाही, पण रविवारी जेवताना विचारते, "आला का?"

डेल ताट झाकते आणि म्हणते, "अजून नाही, ममा."

मी एवढी वर्षं हे कुणाला सांगितलं नव्हतं. आज सांगतेय त्याला कारण आहे. गेल्या आठवड्यात माझ्या मुलीचा, कॅमिलचा फोन आला. खुशीत होती.

"ममा, स्थापनादिनाला मला दारावर उभं केलंय! पांढरे हातमोजे पण दिलेत. काम सोपं आहे, पाणी होईपर्यंत दार उघडायचं नाही, बस."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ममा? ऐकतेयस ना?"

नियम माझ्या आजीच्याही आधीपासूनचा आहे. बाहेर कोण असेल, मला माहीत नाही. आत काय येईल, तेही माहीत नाही. मला खूप भीती वाटते.

तरी मी तिला म्हणाले, "कॅमिल, नीट ऐक. दोनदा वाजलं, तर तिसऱ्याची वाट बघू नकोस. उघड."