साडेसातशे मिलिलीटर

पाण्याबद्दल मला कुणी काही शिकवू नये. सत्तावीस वर्षं मी जळगावात पाणी तपासतोय. चाळीसगावपासून रावेरपर्यंतच्या विहिरी, बोअर, टाक्या, सगळ्यांच्या बाटल्या माझ्या टेबलावर येतात. कुठल्या पाण्यात किती क्षार, हे मी मीटर लावायच्या आधी जिभेवर सांगतो. साहेब हसतात, पण बहुतेक वेळा आकडा जुळतो.

घर मेहरूणला आहे, गच्चीवरून तलाव दिसतो. नूतन, माझी बायको, गेल्या श्रावणात गेली. मुलगी भाविका पुण्याला नोकरीला असते. वाटीभर खिचडी लावली तरी ती मला दोन वेळा पुरते, आणि दुसऱ्या वेळेला ती एकट्याने खाववत नाही.

नूतनच्या किडन्या गेल्या होत्या. दीड वर्ष डायलिसिस चाललं. अशा माणसाला पाणी मोजून द्यावं लागतं, जास्त झालं तर ते छातीत साठतं. डॉक्टरांनी दिवसाला साडेसातशे मिलिलीटर सांगितलं होतं. मी प्रयोगशाळेतलं काचेचं जुनं मोजपात्र घरी आणलं आणि रोज सकाळी खुणेपर्यंत भरून तिच्यापुढे ठेवायला लागलो. ती म्हणायची, "अहो, जरा खुणेच्या वर तरी जाऊ द्या." मी म्हणायचो, "एक थेंब जास्त नाही." गल्लीतल्या बाया म्हणायच्या, नवरा असावा तर असा.

शेवटच्या दुपारी तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. बोलता येत नव्हतं. तिने तळहाताची ओंजळ केली आणि तोंडाशी नेली. तीनदा. त्या दिवसाचं पाणी संपलं होतं. मी बोट हलवून नाही म्हटलं. पाच वाजता ती गेली.

नियमाने बघितलं तर माझं काही चुकलं नाही. हे मी स्वतःला रोज सांगतो.

मग आखाजी आली. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात. नवी लाल घागर, तिच्या तोंडावर मातीचं लहान भांडं, त्यावर डांगर, म्हणजे आमच्याकडचं खरबूज, शेजारी सांजोऱ्या आणि आंबे. ते पाणी गेलेल्याला पोचतं, त्याची तहान भागते आणि तो सुखाने पुढे जातो, अशी समजूत आहे.

पंधरा दिवस आधीच रत्नाअक्काचा फोन आला. नूतनची ही थोरली बहीण, चाळीसगावजवळच्या खेड्यात राहते.

"भाऊ, नूतननी पहिली आखाजी शे. घागर तर भरनी पडी."

"अक्का, माझा या गोष्टींवर विश्वास नाही."

"तुमना नसू द्या. तीस तर तिले लागी ना."

तीस म्हणजे तहान. मी विषय बदलला. ती काही बदलू देणारी बाई नव्हे. दोन दिवसांनी गावातल्या कुणाच्या तरी हाती घागर येऊन पोचलीच, कडब्यात गुंडाळलेली. मी ती ओट्यावर पालथी ठेवली आणि त्याच संध्याकाळी मालवणचं बुकिंग केलं. आखाजी शुक्रवारी होती, पुढे शनिवार-रविवार. तीन दिवस, समुद्रातल्या बेटाजवळ स्कूबा, पोहता येत नसलं तरी चालेल, व्हिडिओ मोफत.

भाविकाला सांगितलं, आईची इच्छा होती म्हणून जातोय. ते खोटं नव्हतं. डायलिसिसच्या खुर्चीत चार-चार तास बसून नूतन मोबाइलवर समुद्राखालचे मासे बघायची. बरी झालीस की जाऊ, असं मी म्हणायचो. पण खरं कारण दुसरंच होतं. घागर भरली असती तर ती गेली, हे मी माझ्या हाताने कबूल केल्यासारखं झालं असतं. मला ते करायचं नव्हतं. रिकाम्या घरात ती अजून येईल-जाईल असं वाटायचं, तेवढंच माझ्याकडे उरलं होतं.

निघताना अक्काचा पुन्हा फोन आला. "आखाजीले कोनी घर सोडीसन जास का, भाऊ?" मी म्हटलं, गाडीची वेळ झाली.

शुक्रवारी दुपारी मालवणला पोचलो. खोली साधी होती, खिडकीतून माडांच्या मधून समुद्राची पट्टी दिसायची. टेबलावर पाण्याच्या दोन सीलबंद बाटल्या होत्या. मी खोलीला कुलूप लावून किनाऱ्यावर गेलो, तासभर बसलो. आमच्याकडे आज घराघरांत पोरी माहेरी आल्या असतील, झोके बांधले असतील, हे आठवत राहिलं. नूतन पहिल्या आखाजीला माहेरी गेली तेव्हा मी तिसऱ्याच दिवशी तिला आणायला गेलो होतो आणि अक्काने सगळ्यांदेखत माझी टर उडवली होती. किनाऱ्यावर सगळे जोडीने होते. मला फार एकटं वाटलं.

परत आलो तर दोन्ही बाटल्या रिकाम्या. सील तुटलेलं, झाकणं शेजारी नीट ठेवलेली. खाली थेंब नाही.

मालकीणबाई म्हणाली, "खोलीत कोण येणार? चावी तुमच्याकडेच."

उन्हाचं माणूस पाणी पितं आणि विसरतं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

शनिवारी सकाळी होडीने निघालो. बेट म्हणजे काळ्या खडकांचा ढीग, वर थोडं गवत. होडीत माझ्याशिवाय धुळ्याचं एक नवं जोडपं होतं, समाधान आणि पुनम. मी जळगावचा म्हटल्यावर दोघांचे चेहरे खुलले.

"काका, आखाजीच्या सुटीत एकटेच?" पुनमने विचारलं. समाधानने तिला कोपराने ढोसलं. मी हो म्हटलं.

पाण्याखाली नेणारा माणूस चाळिशीचा, दाढी पिकत आलेली, बोलायला मोजका. सगळे त्याला मास्तर म्हणत होते. खाली बोलता येत नाही म्हणून त्याने हाताच्या खुणा शिकवल्या. अंगठा आणि बोटाचं कडं केलं की ठीक आहे. अंगठा वर केला की वर न्या. पंजा डुगडुगवला की काहीतरी बिघडलंय. तीनच खुणा. त्याने त्या आमच्याकडून चार वेळा करून घेतल्या.

"खाली दोघं-दोघं जायचं असतं," तो म्हणाला. "तुम्ही एकटे, तर तुमच्यासोबत मी."

पाठीवर नळकांडं, तोंडात नळी, नाकावर काच. श्वास फक्त तोंडाने. पहिली दोन मिनिटं जीव घाबरला, मग स्थिरावला. मास्तरने मला मागून नळकांड्याला धरलं होतं, दुसऱ्या हातात त्याचा कॅमेरा. पाणी हिरवट पण स्वच्छ. पिवळ्या पट्ट्यांचे मासे डोळ्यांसमोरून जात होते, नूतनच्या मोबाइलवर जायचे तसेच. कानात स्वतःच्या श्वासाशिवाय काही नाही. ऑक्सिजन लावलेल्या माणसाला असंच ऐकू येत असेल, असं मला वाटून गेलं.

उजवीकडे एका खडकाशी कुणीतरी होतं. काळा सूट, तोंडावर काच. बाई होती. मला वाटलं पुनम असेल.

तिने हाताची ओंजळ केली आणि तोंडाशी नेली.

मी बघत राहिलो. ही खूण मास्तरने शिकवली नव्हती.

तिने पुन्हा तेच केलं. मग तिसऱ्यांदा.

मी हात उचलला आणि बोट हलवून नाही म्हटलं. विचार करून नाही. हाताला सवय होती.

ती तिथेच थांबली. माझ्या तोंडातून बुडबुड्यांची माळ वर चालली होती. तिच्या डोक्यावरचं पाणी स्तब्ध होतं.

मी अंगठा वर केला.

होडीत चढलो तर पुनम फळीवर बसलेली, अंगावर कोरडा टॉवेल. तिचा कान दुखत होता म्हणून ती उतरलीच नव्हती. समाधानही तिच्याशेजारी कोरडाच.

"मास्तर, दुसरं कोण होतं खाली?"

"आपण दोघंच."

मी ओंजळ तोंडाशी नेऊन दाखवली. "ही कसली खूण?"

"ही आमच्यात नाही. हे तर पाणी मागणं झालं. समुद्राच्या तळाशी पाणी कोण मागेल?"

समाधान हसला. पुनम हसली नाही. खानदेशातल्या पोरीला आखाजीच्या दुसऱ्या दिवशी पाणी मागणं म्हणजे काय, ते सांगावं लागत नाही. ती टॉवेल घेऊन होडीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

दुपारी मोबाइलवर व्हिडिओ आला. चार मिनिटं मासे आणि मी. मग मी उजवीकडे वळतो आणि बोट हलवून नाही म्हणतो. समोर खडक आहे, त्यावर शेवाळ. बाकी काही नाही.

मी अक्काला फोन लावला.

"अक्का, नूतनची घागर तुम्ही भरलीत का?"

"मी कशी भरू? घरना मानूसनीच भरनी पडस." मग आवाज खाली आला. "काय झाये, भाऊ?"

"काही नाही. आता भरली तर?"

"आते आखाजीनी तिथ गयी. पुढली आखाजीलगून तिले थांबनं पडी. तवय नीट भरा. पानी पीसन ती सुखमा निंघी जाई."

फोन ठेवल्यावर मी रडलो. नऊ महिन्यांत पहिल्यांदा.

सोमवारी सकाळी घरी पोचलो. आंघोळही केली नाही. घागर सरळ केली, धुतली, काठोकाठ भरली आणि वर ताटली ठेवली. मोठ्याने म्हटलं, "पी." बाकी काही सुचलं नाही.

मंगळवारी सकाळी घागर कोरडी होती.

नवी माती पाणी पिते, हे मला कुणी सांगायला नको. मी घागरीखाली परात ठेवली आणि पुन्हा भरली. बुधवारी घागर कोरडी, परातही कोरडी. आणि पंखा दोनवर होता. मी तो नेहमी चारवर ठेवतो. दोनवर नूतन ठेवायची, तिला वाऱ्याने अंग दुखायचं.

मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगतो, मला इतकं बरं वाटलं की मी दोघांपुरती खिचडी लावली.

रोज भरायचो, रोज रिकामी व्हायची. कधी खुर्चीवरचा टॉवेल घडी घातलेला असायचा. कधी उशीला तिच्या तेलाचा वास यायचा. मी कामावरून लवकर घरी यायला लागलो. साहेब म्हणाले, तब्येत सुधारली तुमची.

दहाव्या दिवशी घागरीत चार बोटं पाणी उरलं. पंखा चारवरच होता.

अकराव्या दिवशी निम्मी घागर उरली. टॉवेल चुरगळलेला, उशीला फक्त साबणाचा वास.

मला कळलं. तिची तहान भागत आली होती. तिथीबिथीचं काही नव्हतं, अक्काला एवढंच ठाऊक नव्हतं. आणखी दोन-तीन घागरी, आणि ती सुखाने निघून गेली असती.

मी दिवसभर ओट्यासमोर बसून राहिलो. संध्याकाळी फडताळातून मोजपात्र काढलं, घासलं, आणि खुणेपर्यंत भरून घागरीत ओतलं. साडेसातशे.

सकाळी घागर कोरडी होती. पंखा दोनवर.

तेव्हापासून हेच चाललंय. तेवढ्याने तहान भागत नाही, मी दीड वर्ष बघितलंय. पण माणूस राहतं. पुढच्या आखाजीला मी घरी नसेन. बुकिंग झालंय, तेच बेट, तेच मास्तर. अक्काला सांगितलेलं नाही.

काल सकाळी मात्र ओट्यावर मोजपात्र उभं होतं. मी ते धुऊन पालथं ठेवतो. ते सरळ होतं, आणि जिथे बसून मी चहा घेतो त्या जागेपुढे ठेवलेलं. आत पाणी होतं, साडेसातशेच्या खुणेपर्यंत. मी बोट बुडवून जिभेला लावलं. मग बाटलीत भरून कामावर नेलं आणि रीतसर तपासलं. लिटरला पस्तीस ग्रॅम क्षार, समुद्राइतके. आपल्या जिल्ह्यात असं पाणी कुठेच नाही.

घरी येऊन बघतो तर माठ कोरडा. नळाला पाणी नाही, टाकी रिकामी. शेजारी सगळ्यांकडे पाणी होतं.

आज सकाळी मोजपात्र पुन्हा तिथेच होतं. मी वाकून, डोळा खुणेच्या रेषेत आणून बघितलं. एक थेंब जास्त नाही.